राहिलेली ओळ

"तुझे वडील कधी वारले?" मॅडमनी ऋतुराजला विचारलं.

ऋतुराजनं दाराकडं बघितलं. दार नुसतं लोटलेलं होतं. पलीकडं व्हरांड्यातल्या बाकावर त्याचे वडील, संपतशेठ, सांगलीतल्या कुणा ओळखीच्या माणसाशी गप्पा मारत बसले होते. त्यांचं हसणं आतपर्यंत ऐकू येत होतं.

"वारले नाहीत," ऋतुराज म्हणाला. "बाहेर बसलेत."

मॅडमनी हातातला कागद टेबलावर ठेवला आणि त्याच्या शेजारी दुसरा ठेवला. दोन्ही कागदांच्या कडा त्यांनी बोटानं नीट जुळवल्या. दुसरा कागद माझा होता. मी ऋतुराजच्या शेजारच्या खुर्चीत बसलो होतो, आणि मला आत का बोलावलं ते मला तोवर कळलेलं नव्हतं.

पुण्याला एक नवं कॉलेज निघालं होतं. दर तालुक्यातून एक मुलगा किंवा मुलगी घ्यायची, आणि तीन वर्षं राहणं, जेवण, फी सगळं कॉलेजनं बघायचं, अशी त्यांची योजना होती. आमच्या विट्यातून दोघं मुलाखतीपर्यंत पोचलो होतो. एक मी, निवास मुळीक. दुसरा ऋतुराज, ज्याच्या वडिलांची आमची शाळा होती. दोघांतला एक जाणार होता. माझ्यासाठी पुण्याला जायची ती एवढीच वाट होती, आणि हे मला, आईला आणि आक्काला पक्कं माहीत होतं.

सगळा घोळ त्या रेझ्युमेपासून सुरू झाला. फॉर्मच्या शेवटच्या पानावर लिहिलं होतं, अर्जासोबत रेझ्युमे जोडावा. आता हा काय प्रकार ते आमच्या शाळेत कुणालाच ठाऊक नव्हतं. मुख्याध्यापकांनी चष्मा कपाळावर चढवून ती ओळ दोनदा वाचली आणि हा कसलातरी दाखला असणार, तहसीलला मिळेल, असं सांगितलं. मी सकाळी नऊला जाऊन तहसीलच्या रांगेत उभा राहिलो. खिडकीतल्या क्लार्कनं मान वर न करता सांगितलं की तो दाखला आता बंद झालाय, त्याऐवजी प्रतिज्ञापत्र चालतं. मी स्टॅम्प पेपर घेऊनच घरी आलो.

आक्का इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. "आरं येड्या, त्यो दाखला न्हवं. आपलं आपणच ल्ह्यायचं असतंय, आपण काय काय केलंय ते."

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, वैजयंता. माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. ती बसस्टँडसमोरच्या झेरॉक्स आणि टायपिंगच्या दुकानात कामाला होती. इंग्रजी चाळीसच्या स्पीडची परीक्षा ती जिल्ह्यात दुसरी येऊन पास झाली होती, आणि ते सर्टिफिकेट आईनं देवाच्या फोटोंशेजारी लावलं होतं. टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आला तरी आक्काची जुनी सवय गेली नाही. प्रिंट काढली की ती कागदावर फूटपट्टी ठेवायची आणि एकेक ओळ खाली सरकवत वाचायची. मालक करवादायचे, पण तिच्या हातचा कागद कधी परत आला नाही, म्हणून गप्प बसायचे.

रविवारी दुपारी दुकान बंद असताना आम्ही दोघं तिथं बसलो. तिनं मशीन सुरू केलं, माझं नाव टाइप केलं आणि म्हणाली, सांग. मी दहावीचे मार्क सांगितले. एलिमेंटरी ड्रॉइंगची बी ग्रेड सांगितली. एकदा खो-खोत तालुक्याला गेलो होतो, ते सांगितलं. मग संपलं.

"नकाशा?" तिनं विचारलं.

"त्यो काय सांगायचा?"

"त्योच सांगायचा," आक्का म्हणाली.

आमच्याकडची निम्मी माणसं गलाईच्या धंद्यात बाहेर असतात. सोनं-चांदी आटवून शुद्ध करायचं काम. देशातलं कुठलंही शहर घ्या, तिथल्या सराफ गल्लीत आमच्या भागातला एकतरी माणूस भट्टीपुढं बसलेला सापडेल. आमचे वडील, आण्णा, सेलमला होते. मी सहावीत असताना ते तिथं वारले. त्यांनी महिन्याभरापूर्वी दुकान बदललं होतं आणि नवा फोन नंबर गल्लीत कुणाकडंच नव्हता. तिथल्यांनाही आमच्या गल्लीतल्या फोन बूथचा नंबर माहीत नव्हता. बातमी आमच्यापर्यंत पोचली पाचव्या दिवशी. तोवर तिकडच्या शेजाऱ्यांनी सगळं उरकलं होतं. आक्का बीएच्या दुसऱ्या वर्षाला होती, तिनं कॉलेज सोडलं.

त्यानंतर मी टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर भारताचा नकाशा चिकटवला आणि घरोघर जाऊन विचारायला सुरुवात केली. तुमचा माणूस कुठं असतो, कुणाच्या दुकानात, जवळचा फोन कुठला. एकेका माणसाची एक टाचणी, टाचणीला कागदाचा तुकडा, त्यावर नाव. नंबर वहीत. गुंटूरला सहा टाचण्या होत्या, कोइमतूरला चार, आसामात तिनसुकियाला एक. बायका यायच्या आणि नुसत्या आपल्या टाचणीला हात लावून जायच्या. बारावीपर्यंत एकाहत्तर टाचण्या झाल्या. त्यातल्या दोन खऱ्या उपयोगी पडल्या. एकदा एका बाळंतपणाला, आणि एकदा एक म्हातारी गेली तेव्हा. तिचा पोरगा विजयवाड्याहून निघून माती द्यायला वेळेत पोचला.

आक्कानं हे सगळं डिक्शनरी मांडीवर घेऊन इंग्रजीत बसवलं. एका ओळीपाशी तिची बोटं थांबली. मग तिनं ती टाइप केली. माझ्या वडिलांच्या मृत्यूची बातमी आम्हाला पाचव्या दिवशी कळली, म्हणून मी हा नकाशा करायला घेतला. टाइप करून झाल्यावर तिनं पदरानं डोळे पुसले आणि मालकांनी पंखा बदलायला पाहिजे, धूळ फार येते, असं म्हणाली.

प्रिंट निघाली. पानाच्या खाली डाव्या कोपऱ्यात बारीक दोन अक्षरं होती. व्ही आणि एम, म्हणजे वैजयंता मुळीक. ती आक्का प्रत्येक पानावर घालायची. तिच्या टायपिंगच्या क्लासातल्या घोंगडे सरांनी लावलेली शिस्त होती ती.

"ह्ये कशाला?" मी म्हणालो. "कागद तर माझाय."

"टायपिंग माझं हाय. चूक निघाली तर कुणाची ते कळाय नको?"

पुढं मुलाखतीचं पत्र आलं, मुलाखत सांगलीला होती. ऋतुराजलाही आलं, हे आक्काकडूनच कळलं. शेठ स्वतःच्या जीपनं सांगलीला निघालेत, त्यांच्याबरोबरच जा, असं तिनं परस्पर ठरवूनही टाकलं होतं. मला बरंच वाटलं. एसटीत शर्टाची इस्त्री मोडली असती. वाटेत शेठनी आम्हा दोघांना उसाचा रस पाजला. लई गुणाची हाय तुझी बहीण, असं ते तासगावपर्यंत दोनदा म्हणाले. मी दोन्ही वेळा मान डोलावली.

आणि आता मॅडमपुढं ते दोन कागद होते. त्यांनी आधी ऋतुराजचा वाचला. नाव, बायपासवरच्या बंगल्याचा पत्ता, पोहण्यातलं बक्षीस. मग आमच्या गल्लीतली एकाहत्तर माणसं, गुंटूरच्या सहा टाचण्या, विजयवाड्याचा पोरगा. माझ्या कागदावरचं सगळं जसंच्या तसं. ऋतुराजच्या बंगल्याला गल्लीच नव्हती. आणि शेवटी ती ओळ, माझ्या वडिलांच्या मृत्यूची बातमी.

"एकाची फाइल उघडायची, नाव बदलायचं आणि दुसऱ्याला द्यायची, हे दुकानांत चालतं," मॅडम म्हणाल्या. "पण हे दोन अर्ज एकाच जागेसाठी आहेत. आणि खाली हे काय आहे? व्ही एम?"

दोन्ही पानांच्या डाव्या कोपऱ्यात ती अक्षरं होती.

दुकानमालक असतील, कुणी चोरून फाइल घेतली असेल, असं म्हणायलाही जागा नव्हती. दुसऱ्या कुणी टाइप केलं असतं तर ती अक्षरं काढली असती. ऋतुराजचं पान आक्कानं स्वतः तयार केलं होतं. आण्णांच्या नावानं मी पुठ्ठ्यावर जे उभं केलं होतं ते तिनं उचलून शेठच्या पोराला दिलं होतं, आणि वर मला त्याच शेठच्या जीपमध्ये बसवून पाठवलं होतं. मला तिचा इतका राग आला की कानात नुसता आवाज भरला.

पण तो राग पाचेक मिनिटंच टिकला. कारण माझी नजर परत त्या ओळीवर गेली आणि वाटलं, थांब. आक्का कधी चुकत नाही. फूटपट्टी लावून वाचणारी बाई, तिच्या नजरेतून वडिलांच्या मरणाची ओळ सुटेल? तीही आमच्याच वडिलांच्या? संपतशेठ जिवंत आहेत हे सगळ्या तालुक्याला माहीत होतं. तेव्हा तिनं ती मुद्दामच ठेवली असणार. शेठना नाही म्हणणं तिला जमलं नसेल, म्हणून तिनं हो म्हणून एक काटा आत ठेवून दिला, जो ऋतुराजला बरोबर इथं टोचेल. ती माझ्या बाजूनंच होती. हे सुचलं आणि मला इतकं मोकळं वाटलं की मी हसलो असतो.

मॅडमच्या शेजारी एक वयस्कर सर बसले होते. ते म्हणाले की कागद खरा कुणाचा हे दिसतंच आहे, पण तो दुसऱ्याकडं कसा गेला ते लेखी पाहिजे. उद्या कुणी तक्रार केली तर आमच्याकडं उत्तर असलं पाहिजे. लेखी नसेल तर दोन्ही अर्ज बाद. मॅडमनी एक कोरा कागद आणि पेन माझ्यापुढं सरकवलं.

"व्ही एम कोण, ते तुला माहीत आहे ना? तेवढं नाव लिही आणि खाली सही कर. पुरे आहे."

बाहेर शेठचं बोलणं चालूच होतं. आक्काचं नाव लेखी गेलं की शेठनी तो कागद तिच्याकडून करून घेतला हे उघडं पडणार, त्याचा राग ते तिच्यावर काढणार, आणि विट्यात शेठच्या विरोधात जाऊन आक्काला कुणी कामावर ठेवणार नाही. जिनं मला असं वाचवलं तिचंच नाव मी त्यांच्या हातात कसं द्यायचं?

"दुकानातलं कुणीतरी असंल," मी म्हणालो.

मॅडमनी आणखी एकदा विचारलं. विचार कर, घाई नाही, असंही म्हणाल्या. त्यांना मला घ्यायचं होतं, हे मला दिसत होतं. मी पेनाचं टोपण लावलं आणि कोरा कागद परत त्यांच्याकडं सरकवला.

परत येताना शेठनी रसवंतीपाशी जीप थांबवली नाही. त्यांना आत काय झालं ते ऋतुराजनं सांगितलं असावं. तासगावात गाडी डिझेलला थांबली तेव्हा ऋतुराज माझ्याकडं न बघता हळूच म्हणाला, "मी वाचलाच नव्हता रे त्यो. पप्पांनी करून आणला." ते खरं असणार. त्याला पुण्याला जायचंसुद्धा नव्हतं.

घरी पोचलो तर आईनं दारातच माझ्या हातावर पेढा ठेवला. आक्काला शाळेत क्लार्कची कायमची ऑर्डर मिळाली होती, एक जूनपासून. आईनं तो कागद मला दाखवायला पुढं केला. खाली शेठची सही होती आणि सहीखाली तारीख. ऋतुराजचा अर्ज ज्या आठवड्यात गेला त्याच आठवड्यातली. आक्कानं ऑर्डर महिनाभर जवळ ठेवली होती आणि माझी मुलाखत झाल्यावर बाहेर काढली होती. मी पेढा तोंडात घातला.

"काय इचारलं तिथं?" आक्कानं विचारलं.

"व्ही एम कोण म्हणून इचारलं."

ती भिंतीला टेकली. "मग?"

"म्हाईत न्हाय म्हणालो."

आक्का आत गेली आणि बराच वेळ भांडी घासत राहिली. त्या दिवशी भांडी आधीच घासून झाली होती. त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही आणि मीही नाही. ऑर्डरवरची तारीख मी पाहिली होती, तरी मी माझी समजूत सोडली नाही. तिनं नोकरी घेतली, पण ओळ ठेवली. एवढी तडजोड कुणीही केली असती, म्हणून ते मला चालण्यासारखं होतं.

ती जागा त्या वर्षी कुणालाच मिळाली नाही. मी विट्यातच बीकॉमला नाव घातलं, ते एक वर्षच केलं, आणि गुंटूरला मामांच्या दुकानात भट्टीपुढं जाऊन बसलो. नकाशावर बहात्तरावी टाचणी आक्कानं टोचली. लग्न झालं, मुलगी झाली, पुढं माझं स्वतःचं दुकान झालं. माझं फार वाईट चाललंय असं कुणी म्हणणार नाही. पण भट्टीतल्या ॲसिडच्या वासानं रात्री खोकला आला की मला तो कोरा कागद आठवायचा. मग ती ओळ आठवायची आणि मी कूस बदलायचो. आक्का माझ्या बाजूनं होती, एवढं मला पुरायचं.

आई गेल्यावर आक्का एकटीच त्या घरात राहिली. तिनं लग्न केलं नाही. शाळेत ती आता हेडक्लार्क आहे. गेल्या मे महिन्यात आम्ही सगळे विट्याला गेलो होतो. माझी मुलगी ईश्वरी बारावी झाली होती आणि तिलाही कुठल्याशा कॉलेजला रेझ्युमे पाठवायचा होता. तिला मोबाइलवर तो दहा मिनिटांत करता आला असता. पण आत्याच्या हातचं इंग्रजी चांगलं म्हणून ती सांगत बसली आणि आक्का शाळेतून आणलेल्या लॅपटॉपवर टाइप करत बसली. प्रिंट निघाली. आक्कानं चष्मा लावला, कागदावर फूटपट्टी ठेवली आणि एकेक ओळ खाली सरकवू लागली.

ते बघताना मला माझ्या आक्काचं फार कौतुक वाटलं, आणि त्या भरात मी विचारलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

"आक्का, ती ओळ तू मुद्दाम ठेवली हुतीस न्हवं? ऋतुराजच्या कागदावर. आण्णांची."

कुठली ओळ, कुठला कागद, असं तिनं विचारलं नाही. पट्टी जिथं होती तिथंच थांबली.

"न्हाय," ती म्हणाली. "राहिली ती."

"तुझी ओळ कधी ऱ्हात न्हाय."

"त्या दिवशी पट्टी लावलीच न्हाय. तुझी फाइल काढली, नाव बदललं, पत्ता बदलला, प्रिंट काढली आन् दिली. शेठ दारात हुबं हुतं, ऑर्डर त्यांच्या खिशात हुती." तिनं चष्मा काढला. "मला ते पान बघवंना, निवास. म्हणून वाचलं न्हाय. घरी आल्यावर ध्यानात आलं की आण्णांची ओळ तशीच गेली. तवा मी घाबरले, की आता ऋतुराज अडकंल आन् माझी ऑर्डर जाईल."

ईश्वरी आमच्या दोघांच्या तोंडाकडं बघत होती.

त्या टेबलावर मी पेनाचं टोपण लावलं ते त्या ओळीच्या भरवशावर. ती ओळ माझ्यासाठी कुणी ठेवलेलीच नव्हती. ती नुसती राहिली होती, आणि राहिली हे कळल्यावर आक्काला काळजी वाटली होती ती तिच्या ऑर्डरची. सांगलीच्या त्या खोलीत पाच मिनिटं टिकलेला राग बावीस वर्षं कुठं बसला होता कोण जाणे, तो सगळा परत आला.

"मुद्दाम ठेवली म्हणाली असतीस तर मी मानलं असतं," मी म्हणालो.

"म्हाईत हाय," आक्का म्हणाली. "लई वेळा मनात आलं, तू इचारशील तवा तसंच सांगायचं म्हणून."

तिनं चष्मा परत लावला आणि पट्टी खाली सरकवली. उरलेल्या चार ओळी तिनं नीट वाचल्या. एकही चूक नव्हती. मग कागद तिनं माझ्यापुढं धरला.

खाली डाव्या कोपऱ्यात ती दोन अक्षरं होती.

मी कागद ईश्वरीच्या हातात दिला. तिला म्हणालो, खालची ही अक्षरं काढून टाक आणि दुसरी प्रिंट काढ, बाहेरच्या दुकानातनं. आक्कानं फूटपट्टी उचलली आणि ड्रॉवरमध्ये ठेवली.